तीन शिफारसपत्रं आणि एक जामीनदार

७ जानेवारी
प्रवेश मिळाला! नगरनियोजनात मास्टर्स. दोन वर्षं. मेल अकरा वेळा वाचला. शेवटी बारीक अक्षरात दोन अटी आहेत. तीन शिफारसपत्रं मार्चअखेर पाठवा. फीचा पहिला हप्ता ३० जूनपर्यंत भरा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला. बारीक अक्षरांचा मला मनापासून तिटकारा आहे.

आई रडली. ताई आणि भाऊजी आलेले होते. भाऊजींनी पाठीवर थाप मारली आणि लगेच विचारलं, पैसे कुठून आणणार? या माणसाचं नळ, शॉवर आणि कमोडचं दुकान आहे. त्याला प्रत्येक ठिकाणी गळतीच दिसते. मी शांतपणे म्हणालो, फुल स्कॉलरशिप.

निश्चय: कर्ज काढणार नाही. हुशार माणसाने कर्ज काढणं म्हणजे हुशारीचा अपमान.

११ जानेवारी
स्कॉलरशिपची यादी केली. चौदा निघाल्या. दहा खोडल्या. रक्कम क्षुल्लक: चार. नाव हास्यास्पद: तीन. फॉर्म हाताने भरायचा: दोन. वेबसाइटवर सगळे उगाच हसतायत: एक. उरलेल्या चार माझ्या लायकीच्या.

भाऊजींचा फोन. त्यांच्या व्यापारी संघाची एक स्कॉलरशिप आहे म्हणे, सभासदांच्या नातेवाइकांसाठी. एका पानाचा फॉर्म. पहिला हप्ता जवळजवळ निघेल म्हणाले. मी म्हटलं, विचार करतो. काय विचार करायचा? कमोडवाल्यांच्या पैशावर शहरं उभारायला शिकायचं? शिसारी आली. जेवलो नाही.

नंतर थोडं जेवलो.

२० जानेवारी
निबंध लिहायचाय. विषय: तुमचं एक अपयश आणि त्यातून तुम्ही काय शिकलात. पाचशे शब्द. काय घाणेरडी उत्सुकता आहे या लोकांना! चार दिवस आठवतोय, अपयश सापडत नाही. आईला सहज विचारलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता तिने सहा सांगितली. सातवं सुरू झाल्यावर मी उठलो.

शेवटी लिहिलं की मी प्रत्येक काम अति परिपूर्ण करायला जातो, हेच माझं अपयश. ३१२ शब्द झाले. फॉन्ट मोठा केला.

३ फेब्रुवारी
शिफारसपत्रांसाठी जुन्या कॉलेजात गेलो. विभागप्रमुख सर, पस्तीस वर्षं नोकरी, दोन महिन्यांनी रिटायर. म्हणाले, तूच लिहून आण, मी सही ठोकतो. ही शिक्षणक्षेत्राची अवस्था! वीट आला.

मग मॅडमकडे. या माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या. अजून कॉन्ट्रॅक्टवर, दरवर्षी नवीन ऑर्डर. पेपरांच्या गठ्ठ्यामागे बसलेल्या, हातात लाल पेन. त्याही म्हणाल्या, लिहून आण, तू काही भलतंसलतं लिहिणार नाहीस.

तिसरे आमचे साहेब. (मी विमा कंपनीत क्लेमच्या फायली तपासतो. तात्पुरतं. पाच वर्षं झाली.) साहेबांनी आधी विचारलं, कुठे चाललास? मग विचारलं, कधी? मग जरा जास्तच आनंदाने म्हणाले, लिहून आण.

माझ्याबद्दल चार ओळी लिहायला तिघांनाही वेळ नाही. शी.

८ फेब्रुवारी
तसं माझ्याबद्दल माझ्याइतकं चांगलं कोण लिहिणार म्हणा. सरांचं पत्र झालं. एक वाक्य तर असं उतरलंय की मलाच गहिवरून आलं. 'माझ्या पस्तीस वर्षांच्या कारकिर्दीत इतका प्रामाणिक विद्यार्थी मी पाहिला नाही.'

असं वाक्य एकाच पत्रात वाया घालवणं बरं नव्हे. तिन्हींत टाकलं.

१२ फेब्रुवारी
सह्या झाल्या. सरांनी फोनवर बोलता बोलता केली. साहेबांनी लिफ्टमध्ये, माझ्या पाठीवर कागद ठेवून. मॅडम तासाला निघाल्या होत्या, घाईत सही करून वर शिक्काही मारला. एकानेही वाचलं नाही. एवढं जीव ओतून लिहिलेलं! या देशात वाचणारा माणूस उरलेला नाही.

पत्रं चारही स्कॉलरशिपना रवाना. युनिव्हर्सिटीलाही तीच पाठवली.

१० मार्च
नोकरी सोडली. निकाल मे महिन्यात आहे, पण फायलींचा वास आता सहन होत नाही. साहेबांनी विचारलं, स्कॉलरशिप मिळाली का? मी म्हटलं, मिळाल्यातच जमा आहे. निरोपाला चहा आणि एक बिस्किटाचा पुडा. पाच वर्षांची किंमत, एक पुडा. तोही त्यांनीच निम्मा संपवला.

भाऊजींचा मेसेज: संघाच्या फॉर्मची शेवटची तारीख ३१ मार्च. उत्तर दिलं नाही.

२ एप्रिल
ट्रॉली बॅग घेतली. मोठी. आईने विचारलं, इतक्या लवकर कशाला? घरात दूरदृष्टी असलेलं माणूस मी एकटाच.

१९ एप्रिल
सर्वांत मोठ्या स्कॉलरशिपच्या ट्रस्टचं पत्र. उघडण्याआधी आईला हाक मारली.

त्यांना खुलासा हवाय. शिफारस करणाऱ्या प्राध्यापिकेचं वय एकोणतीस आहे, तर कारकीर्द पस्तीस वर्षांची कशी? आणि विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने 'विद्यार्थी' कोणाला म्हटलंय? पत्राची प्रत मॅडमच्या प्रिन्सिपॉलना आणि युनिव्हर्सिटीला.

काय माणसं आहेत! ओळ न् ओळ वाचत बसतात. कामधंदे नाहीत.

२३ एप्रिल
मॅडमचा फोन. प्रिन्सिपॉलनी केबिनमध्ये बोलावून पत्र पुढे ठेवलं म्हणे. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं की असं का केलंस. मी म्हटलं, वाक्य चांगलं होतं. फोन चालू आहे का ते मी दोनदा पाहिलं.

वाचून सही करायला काय झालं होतं? माणसाने जबाबदारीने वागावं.

६ मे
उरलेल्या तिन्ही स्कॉलरशिपचे नकार एकाच आठवड्यात. एकाने 'अपयश' या निबंधाखाली शेरा मारलाय: उमेदवाराला विषय समजलेला नाही.

युनिव्हर्सिटीकडून मात्र काही नाही. म्हणजे जागा शाबूत. शहाणी संस्था.

१५ मे
बँकेत गेलो. शैक्षणिक कर्ज. (जानेवारीतला निश्चय कर्ज काढण्याविरुद्ध होता. हे कर्ज नाही, स्वतःमधली गुंतवणूक आहे.) पंख्याखालची खुर्ची मोडलेली, पंख्याखाली नसलेली चांगली. कर्ज विभागातल्या बाईंनी सॅलरी स्लिप मागितली. मी नोकरी सोडल्याचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, व्याज पहिल्या दिवसापासून लागेल आणि पक्का जामीनदार हवा. वडील? नाहीत. आईची पेन्शन? पुरत नाही. धंदा असलेलं कोणी नात्यात?

मी म्हटलं, कोणी नाही.

२० मे
जुन्या ऑफिसात गेलो, सहज. माझ्या खुर्चीवर एक नवीन मुलगी. माझ्या पाच महिन्यांच्या फायली तिने नऊ आठवड्यांत संपवल्या, हे साहेबांनी न विचारता सांगितलं. चहा विचारला नाही.

२२ मे
मानापमान बाजूला ठेवून भाऊजींना त्यांच्या संघाच्या स्कॉलरशिपबद्दल विचारलं. यंदा एकही अर्ज आला नाही म्हणाले. ते पैसे सभासदांच्या सहलीला गेले. भाऊजीही जाऊन आले. फोटो दाखवत होते.

४ जून
मॅडमचा पुन्हा फोन. २८ तारखेला कॉलेजची मीटिंग आहे, नवीन ऑर्डर द्यायची की नाही ते ठरणार. पत्राचा मजकूर मी लिहिला आणि त्यांनी विश्वासाने सही केली, एवढ्या दोन ओळी मी लिहून दिल्या तर ताकीद देऊन सोडतील, असं प्रिन्सिपॉल म्हणालेत. नाहीतर खोटं मॅडमनीच लिहिलं असं धरणार. त्यांच्या घरी सासरे अंथरुणाला खिळलेले आहेत, हेही त्यांनी सांगितलं. सांगायला नको होतं. अशाने माणसावर दडपण येतं.

मी म्हटलं, देतो की. नक्की देतो.

पण त्या दोन ओळी युनिव्हर्सिटीच्या हाती लागल्या तर? सगळ्या बाजूंनी विचार करायला हवा. २८ ला अजून वेळ आहे.

११ जून
भाऊजींच्या दुकानात गेलो. ते एका गिऱ्हाइकाला मिक्सर नळ दाखवत होते. गरम, गार, गरम, गार. वीस मिनिटं. गिऱ्हाईक न घेताच गेलं, तरी यांचा चेहरा तसाच. मी जमिनीकडे बघत जामीनदाराचं सांगितलं.

ते लगेच हो म्हणाले. याचाही राग आला. थोडं तरी ताणायचं होतं. शेजारचा गाळा घेण्यासाठी ठेवलेली एफडी बँकेकडे तारण ठेवतो म्हणाले, गाळ्याचं पुढे बघू. मग फक्त एक विचारलं, प्रवेशात काही भानगड तर नाही ना?

मी म्हणालो, छे.

१८ जून
बँकेत सह्या. भाऊजींनी बावीसच्या बावीस पानं वाचली. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. बँकेतल्या बाई दोनदा उठून आल्या. तिसऱ्या पानावर भाऊजींनी पत्त्यातली चूकही काढली. मला इतकी लाज वाटली की बाहेर जाऊन उभा राहिलो.

२४ जून
कर्ज मंजूर. ताईने मिठी मारली. पुढच्या आठवड्यात मी अधिकृत विद्यार्थी. मॅडमचे दोन मेसेज आलेत. ती दोन ओळींची गोष्ट मी विसरलेलो नाही. उलट तीच डोक्यात आहे. पण असलं काही घाईत लिहिलं की चुका होतात. हे आता मला अनुभवाने माहीत आहे.

२७ जून
उद्या मीटिंग. सकाळी लवकर उठून लिहीन, स्वतः नेऊन देईन. अलार्म लावला. मॅडमना मेसेज केला: उद्या नक्की.

निश्चय: माणसाने आपल्या शब्दाला जागावं.

२८ जून
सकाळपासून डोकं भयंकर दुखत होतं. उठवेना. फोन बंद ठेवला.

३० जून, दुपारी १२.१०
हप्ता भरला गेला! बँकेने परस्पर युनिव्हर्सिटीला पाठवला. पावती आली. आईने पावतीला हात जोडले. सहा महिने सगळे माझ्यावर शंका घेत होते. करून दाखवलं.

९ जुलै
युनिव्हर्सिटीचं पत्र. संबंधित कॉलेजकडून आलेल्या अहवालानुसार एक शिफारसपत्र खोटं आढळल्याने प्रवेश रद्द. भरलेला हप्ता परत मिळणार नाही. बारीक अक्षरात.

हरामखोर आहेत साले सगळे.

१० जुलै
बँकेत विचारून आलो. कर्ज रद्द होत नाही. पुढचे पैसे मिळणार नाहीत, दिलेले फेडायचे. शिक्षण थांबलं म्हणून हप्ते पुढच्या महिन्यापासूनच. मी नाही भरले तर जामीनदाराच्या एफडीतून.

१३ जुलै
घरी सांगितलं. ताई इतकं बोलली, इतकं बोलली. भाऊजी म्हणाले, जाऊ दे गं आता. मग मला म्हणाले, सोमवारपासून दुकानात ये, हप्ता पगारातून कापून घेऊ. त्या दिवशी दुकानात काय विचारलं होतं ते त्यांनी काढलं नाही. ताईला त्यांनी ते सांगितलेलंच नाही, असं तिच्या बोलण्यावरून कळलं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मला त्यांचा नेहमीसारखा तिटकारा करता आला असता.

२१ जुलै
दुकान. दिवसभर वॉशर मोजले. तीन साइजचे वॉशर एकाच डब्यात टाकले. भाऊजींनी संध्याकाळी बसून वेगळे केले.

२ ऑगस्ट
आज सुट्टी होती. काल रात्री त्या दोन ओळी लिहिल्या. दोनच्या चौदा झाल्या. सगळं मीच लिहिलं, मॅडमचा काही दोष नाही, असं स्पष्ट. आता गमावण्यासारखं काही नसल्यामुळे फार चांगल्या उतरल्या. पत्र घेऊन मॅडमच्या घरी गेलो.

दार त्यांनीच उघडलं. आतून सासऱ्यांच्या खोकल्याचा आवाज. टेबलावर शाळकरी मुलांच्या वह्या. घरी ट्यूशन घेतात. ऑर्डर मिळाली नाही.

पत्र त्यांनी दारातच उभ्याने वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, पाठची बाजूही उलटून बघितली. मग घडी करून माझ्या हातात परत दिलं. मीटिंग २८ ला झाली, म्हणाल्या. पाच मिनिटांत संपली. त्या दिवशी दुपारपर्यंत गेटवर उभ्या होत्या. मग मला विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं?

मी म्हटलं, डोकं दुखत होतं.

त्यांनी मान हलवली. काळजी घे म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

घरी येऊन ही वही मागे चाळत बसलो. २८ जूनला मी लिहिलंय, सकाळपासून डोकं भयंकर दुखत होतं.

दुखत नव्हतं.