बाबांना राग येऊ नये म्हणून चालवलेला पाणीपुरवठा

ती. ताईंना,

तुमच्या एकुलत्या एका भावजयीचा नमस्कार. पाकीट जाड आहे म्हणून फोडण्याआधीच छातीत धस्स होऊ देऊ नका, बाबा बरे आहेत. नुसते बरे नाहीत, चांगले ठणठणीत आहेत, आणि हे पत्र त्या ठणठणीतपणाबद्दलच आहे. (हे मुद्दाम आधी सांगून टाकलं. तुम्ही कादंबरीसुद्धा शेवटच्या पानापासून वाचता, हे मला ठाऊक आहे.) भावोजींचा खोकला कसा आहे? गेला असेल तर कुठे गेला ते मी सांगू शकते, तुमचे भाऊ कालपासून खोकताहेत. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोन बाबांच्या खुर्चीशेजारी आहे आणि बाबांचे कान अजून तरुण आहेत. म्हणून स्वयंपाकघराचं दार लोटून, ओट्यावर कागद ठेवून लिहिते आहे. अक्षर तिरपं आलं तर ओट्याला उतार आहे असं समजा.

तर सुरुवात त्या वीज कंपनीच्या खिडकीपासून. तुम्हाला फोनवर आम्ही एवढंच सांगितलं होतं, की बाबांना चक्कर आली. का आली ते नव्हतं सांगितलं. बाबा आपला मीटर बंद पडल्याची तक्रार द्यायला गेले होते. खिडकीतल्या गृहस्थांनी सांगितलं, की तक्रार संगणकावरच घ्यावी लागते आणि संगणक बंद आहे, कारण ऑफिसात वीज नाही. बाबांनी विचारलं, मग वीज गेल्याची तक्रार तुम्ही कुठे देता? तर ते म्हणाले, आम्हालाही संगणकावरच द्यावी लागते. एवढं ऐकल्यावर कुणालाही चक्कर येईल, बाबांना तर यायलाच हवी होती. ज्या माणसानं सारा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला, त्याला चूक दिसली की हात शिवशिवतात. निवृत्त झाल्यावर तपासायला मुद्रितं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी गाव तपासायला घेतलं, हे तुम्ही जाणताच. सगळ्या ऑफिसांत त्यांना ‘अर्जदार’ याच नावानं ओळखतात.

आपल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, प्रेशर फार चढलंय, हृदय दमलंय. औषधं देतो, पण खरं औषध एकच. महिनाभर राग नको, वाद नको, रांग नको. आणि त्याच दिवशी तुम्ही फोनवर रडून आम्हाला बजावलंत, की त्यांना कशाचा म्हणजे कशाचाही त्रास होऊ देऊ नका. तेव्हा पुढे जे झालं त्याला एका अर्थी तुम्हीच जबाबदार आहात. (रागावू नका. पुढे वाचा.)

आम्ही दोघांनी ठरवलं, की महिनाभर बाबांपर्यंत एकही बिघाड पोचू द्यायचा नाही. आणि जणू हे कानावर गेल्यासारखी कोपऱ्यावरची मोठी पाइप फुटली आणि अख्ख्या गल्लीचं पाणी बंद झालं. ती दुरुस्त करायला म्हणून आपल्या फाटकासमोर चर खणला गेला, आणि खणणारे जे गेले ते गेलेच. मी पुढच्या खिडकीला जाड पडदे लावले. बाबांनी विचारलं तर सांगितलं, उन्हानं फर्निचरचा रंग उडतो. (फर्निचर म्हणजे एक खुर्ची आणि एक स्टूल.) वर्तमानपत्रातून गावच्या बातम्या मी कात्रीनं कापून घेऊ लागले आणि मागच्या बाजूला पाककृती होती म्हणून सांगू लागले. एवढ्या पाककृती कापूनही जेवणात फरक कसा पडत नाही, असं बाबांनी एकदा विचारलं, पण तो टोमणा मी गिळला. वीज गेली की तुमचे भाऊ धावत आत येऊन सांगायचे, मीच मेन स्विच बंद केलाय, जरा वायर बघतो. वीज इतक्यांदा जायची, की या मुलाला वायरींचं वेड लागलंय अशी बाबांची खात्री झाली. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की याचं ऑफिसात बरं चाललंय ना.

पण खरा पराक्रम पाण्याचा. नळ कोरडा दिसला तर बाबा चप्पल घालणार हे नक्की. म्हणून तुमच्या भावांनी मागच्या गल्लीतल्या लॉन्ड्रीवाल्या बाईंना गाठलं. त्यांच्याकडे बोअर आहे. बाबा दुपारी झोपले, की हे मागच्या दारानं बादल्या आणायचे आणि जिन्यानं गच्चीवर नेऊन टाकीत ओतायचे. ताई, लग्न झाल्यापासून ज्या माणसानं स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या भरून घेतलेला मी पाहिला नव्हता, तो घामानं निथळत, अनवाणी, आवाज होऊ नये म्हणून एकेक पायरी जपून चढताना पाहिला आणि मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते मी इथे लिहीत नाही, तुम्ही त्यांना सांगाल. एकदा त्यांनी उत्साहाच्या भरात टाकी इतकी भरली, की ती वाहू लागली आणि पाणी भिंतीवरून पार रस्त्यापर्यंत गेलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बाबा नळ सोडायचे, धार बघायचे आणि पाणीखात्याचं कौतुक करायचे. म्हणायचे, बघ, सुधारले. आपण पाठपुरावा केला त्याचं फळ आहे. पाण्याला वासही किती छान येतो. (बादल्या लॉन्ड्रीतल्या होत्या.) इकडे तुमचे भाऊ कंबरेला पट्टा बांधून बसलेले आणि त्यांच्या समोर त्यांच्या कष्टांचं श्रेय खात्याला मिळतंय. एकदा तर बाबा म्हणाले, खात्याला आभाराचं पत्र लिहायला हवं. तेव्हा हे उठून गच्चीवर गेले ते बराच वेळ खाली आले नाहीत.

इथपर्यंत सगळं मजेचं होतं. पण मग बाबा मिटायला लागले. आधी नळ, दिवे तपासत घरातल्या घरात चालणारा त्यांचा सकाळचा फेरा बंद झाला. मग चुका टिपायच्या पेन्सिलीला टोक करणं बंद झालं. जेवताना दोन घास खाऊन ताट सरकवायला लागले. दिवसभर खुर्चीत, पडद्याकडे तोंड करून. मी कपाळाला हात लावून बघायची, ताप नाही. काय होतंय विचारलं तर म्हणायचे काही नाही. शेवटी एकदा मी हट्टानं समोर बसले तेव्हा म्हणाले, “अगं, सगळं नीट चाललंय. वीज आहे, पाणी आहे, पेपरात एक तक्रार नाही. माझं आता काही काम उरलं नाही, एवढंच.” त्यांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं, की मी तडक डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर आले, त्यांनी प्रेशर बघितलं. ते चढलेलं होतं ते आता नको तितकं उतरलं होतं. त्यांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, माणूस असा आतून विझायला लागला की औषध पोचत नाही, मोठ्या इस्पितळात दाखवा. ताई, त्या दिवशी आम्ही दोघं मागच्या दारात बसून राहिलो. बादल्या तशाच पडल्या होत्या. तुम्हाला फोन करायचा मला धीर झाला नाही.

मग आम्ही बाबांना, चर दिसू नये म्हणून मागच्या दारानं, सरकारी इस्पितळात नेलं. तिथली लिफ्ट बंद. हृदयाचा विभाग तिसऱ्या मजल्यावर. तुमच्या भावांनी बाबांना पाठीवर घ्यायची तयारी दाखवली, पण बाबा म्हणाले, तुझी कंबर आधीच गेलीय, वायरींमुळे. थांबत, बसत, टेकत वर गेलो. माझा जीव मुठीत. आणि वर पोचल्यावर, दाराशेजारी, एक भला मोठा फलक: हृदयरोग्यांनी जिना चढू नये.

बाबा त्या फलकासमोर उभे राहिले. त्यांनी तो वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. आणि ताई, काय सांगू, त्यांच्या गालांवर रंग आला. त्यांनी खिसा चाचपला, पेन्सिल नव्हती, तर शेजारच्या नर्सबाईंकडून मागून घेतली. मग त्यांनी विचारलं, हा फलक इथे लावण्याचा निर्णय कुणाचा? कुणालाच माहीत नव्हतं. बाबा बाकावर बसले, आणि जो जो धापा टाकत वर येईल त्याला आदरानं जागा देऊन त्याला फलक वाचायला लावू लागले. थोड्या वेळात त्या व्हरांड्यात एकही आजारी माणूस दिसेना. सगळे बोलत होते, हसत होते, बाबांना आपापली हकिगत सांगत होते.

त्या गर्दीतच आपल्या गल्लीतले पोस्टमनकाका निघाले. मी डोळ्यांनी खुणा करत होते, पण ते माझ्याकडे बघतील तर ना. ते जरा घुश्शातच बाबांना म्हणाले, तुमचं काय, तुमच्याकडे पाणी येतं, आमचे नळ केव्हाचे कोरडे आहेत. आणि तुमच्यामुळेच कोरडे आहेत. खात्याचा माणूस पाहणीला आला होता, त्यानं तुमची टाकी वाहताना बघितली आणि लाइन सुरू झाली असा शेरा मारून गेला. म्हणजे ताई, आम्ही एका माणसाला राग येऊ नये म्हणून अख्खी गल्ली तहानलेली ठेवली होती.

 बाबांनी वळून तुमच्या भावांकडे पाहिलं, मग त्यांचे हात आपल्या हातात घेऊन उलटे केले. तळव्यांवर फोड होते.  आणि नेमकं तेव्हा आतून बाबांचा पुकारा झाला. मी मनात म्हटलं, झालं. ज्या रागाला महिनाभर कोंडून ठेवलं तो आता एकदम येणार, आणि तोही डॉक्टरांच्या समोर. डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला. फुगवला. सोडला. पुन्हा बांधला. मी डोळे मिटून घेतले होते. त्या म्हणाल्या, अगदी छान आहे, असं प्रेशर मला माझं हवंय, तुम्ही यांना काय देता?

जिना उतरताना मध्येच बाबा थांबले. मला वाटलं दम लागला. म्हणाले, “तुम्ही मला बरणीत घालून वरच्या फळीवर ठेवलंत. मायेनं ठेवलंत, कळतं मला. पण पोरांनो, मी तिथे नासून गेलो असतो.” मी भर जिन्यात रडले. तुमचे भाऊही रडले, पण ते कंबर दुखत होती म्हणून, असं त्यांचं म्हणणं आहे.

पुढचं थोडक्यात सांगते. (हसू नका, खरंच थोडक्यात.) बाबांनी घरी येऊन आधी पडदे काढले. चर बघितला, त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, आणि दुसऱ्या दिवशी पाणीखात्यात जाऊन साहेबांसमोरच्या खुर्चीत बसले. आवाज चढवला नाही. आमच्या घरी पाणी येतं हा तुमचा शेरा खरा आहे, म्हणाले, फक्त ते माझा मुलगा आणत होता. आता त्याची कंबर गेलीय, तेव्हा त्याच्या जागी तुम्ही कधी रुजू होता?  बाबा रोज जाऊन तिथे बसू लागले. शेवटी पाइप बदलली, चर बुजला, वर डांबरसुद्धा पडलं. गल्लीत पाणी आलं त्या दिवशी पोस्टमनकाकांनी स्वतः येऊन बाबांचे हात धरले. बाबा आता दोन पोळ्या जास्त खातात, आणि भाजीत मीठ कमी पडलं तर तेही दाखवून देतात. मला त्याचा एवढा आनंद होतो, की मी मुद्दाम कमी घालते.

तुम्ही आमच्यावर रागावू नका. रागावायचं असेल तर मोकळेपणानं रागावा, तब्येतीला बरं असतं. मुलांना आशीर्वाद, भावोजींना नमस्कार.

तुमची,
भावजय

ता. क. आता मुख्य काम. ताई, आपल्या गल्लीत सध्या सगळं सुरळीत आहे. वीज जात नाही, नळाला धार आहे, वीज कंपनीनं मीटरसुद्धा बदलून दिला. काल बाबांनी दुपारी पेन्सिल बाजूला ठेवून जांभई दिली आणि माझ्या काळजाचा ठोका चुकला. तुम्ही मागे म्हणाला होतात, की तुमच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे, बस थांब्यावर थांबत नाही आणि कचऱ्याची गाडी येईनाशी झालीय. तेव्हा बाबांना महिनाभर तुमच्याकडे नेता का? तिकीट काढून ठेवलं आहे.

आणखी एक. पाकीट डकवत होते तेवढ्यात बाहेर खणखणाट झाला. टेलिफोनवाले आलेत आणि आपल्या फाटकासमोरचं ते नवंकोरं डांबर खणताहेत. तुमचे भाऊ बाबांना सांगायला आत धावले, पण बाबा आधीच खुर्ची उचलून फाटकाशी जाऊन बसलेत आणि मला ओरडून सांगताहेत, की आज जेवण बाहेरच आण, भूक लागलीय. तिकीट रद्द करते आहे. तुमची लिफ्ट तेवढी दुरुस्त होऊ देऊ नका, आम्हाला कधी लागेल सांगता येत नाही.