तब्येत सुधारेपर्यंत

भावनगर,
९ डिसेंबर, मंगळवार

प्रिय मोटीबेन,

जय श्रीकृष्ण. तू दिवसातून एकदाच जेवतेस ही बातमी खरी निघाली. तुझ्या शेजारच्या कांताबेन डोळे दाखवायला इथे आल्या होत्या, त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकलं. विश्वास बसला नाही, म्हणून काल तुझ्या सुनेला फोन लावला. दक्षा आधी "मासी, आमच्या गारियाधारला यंदा थंडी फार" असं बोलत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बा अंगणात आहेत तोवर सांगते. शीतळा सातमच्या सणापासून एकभुक्त आहेत. खोडियारमा देवीला नवस बोलल्यात, मासी, तुमची तब्येत सुधारेपर्यंत एकाच वेळी जेवीन. गेल्या मंगळवारी तुळशीपाशी चक्कर येऊन खाली बसल्या. मी सांगितलं असं कळलं तर बा मला खलबत्त्यात घालतील."

तिला काही बोलू नकोस. ती बोलली म्हणून मला कळलं.

इकडे सगळे मजेत. मितालीची बारावी चालू आहे, ती पुस्तकापेक्षा माझ्याकडे जास्त बघते. तिच्या पप्पांनी दुकानाला पोपटी रंग काढला. म्हणाले, गिऱ्हाईक लांबूनच वळेल. अजून तरी फक्त गायी वळतात. घोघा बंदराकडून खारा वारा सुटलाय, धुतलेलं दोन तासांत वाळतं.

तू फोनवर येत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. चष्मा लावून स्वतः वाच. दक्षाकडून वाचून घेऊ नकोस, यात सुनेने मोठ्याने वाचू नये असंही काही आहे.

हल्ली दुपारी झोपाळ्यावर पडलं की डोळा लागतो आणि मी आपल्या जुन्या घरात असते. चुलीपाशी आपली बा, आपली आई बसलेली असते. तिचा चेहरा नीट दिसत नाही, हात दिसतात. बांगड्या मनगटावरून घसरत कोपरापर्यंत जातात, ती हात खाली करते तशा परत येतात. तो आवाज मला स्वप्नात इतका स्पष्ट ऐकू येतो की जाग आल्यावरही वाटतं, स्वयंपाकघरात कुणीतरी आहे. मग कळतं की झोपाळ्याची कडी वाजतेय. बा गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. मला तिच्या बांगड्यांशिवाय काही आठवत नाही. तू चौदाची होतीस, तुला सगळं आठवत असणार. क्षयाने तिचं काय झालं ते तू रोज पाहिलंस, मला शेजारी पाठवून दिलं जायचं.

सातमला तू आलीस तेव्हा दारातच माझा हात धरलास आणि सैल झालेली बांगडी बघितलीस. मला तेव्हाच कळलं होतं तुझ्या मनात काय आलं ते. कळूनही मी गप्प बसले.

मोटीबेन, तुला सांगितलं होतं, पण माझ्या पित्ताशयात खडे नव्हते.

श्रावण बसायच्या सुमारास आम्ही अहमदाबादला गेलो ते वजन कमी करायच्या ऑपरेशनसाठी. अन्नाची पिशवी कापून लहान करतात. पोट फाडत नाहीत, पाच बारीक भोकं पाडतात. डॉक्टर हिरपरा आपल्याच बाजूचे आहेत, सावरकुंडल्याचे. त्यांनी सांगितलं, "बेन, केळ्याएवढी पिशवी ठेवणार." मी विचारलं, "कुठलं केळं, साहेब? वेलची की मोठं?" ते हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "मधलं."

का केलं ते सांगते. एकशे एकवीस किलो झाले होते, पण त्यासाठी नाही. गुडघे गेले होते, सकाळ-संध्याकाळ साखरेच्या गोळ्या होत्या, त्यासाठीही नाही, ते सगळं अंगवळणी पडलं होतं. उन्हाळ्यात एका दुपारी जेवून पडले होते. डोळे उघडले तर मिताली माझ्या नाकाशी बोट धरून बसलेली. झोपेत माझा श्वास थांबायचा आणि मग दचका बसून सुरू व्हायचा. म्हटलं, काय करतेस ग? म्हणाली, "मोजतेय. आता बावीसपर्यंत गेलं होतं." जसं काही परीक्षेत बावीस मार्क पडले, तशा आवाजात. मग कळलं, ती दोन वर्षं रोज दुपारी असं करत होती. शाळेतून घाईने यायची ती यासाठी.

तूही माझ्या नाकाशी बोट धरायचीस. बा गेल्यावर कितीतरी दिवस. मी झोपेचं सोंग घेऊन पडायचे आणि तुझं बोट गार लागायचं. मितालीचं बोटही गारच होतं. त्या दिवशी मी ठरवलं. तिच्या पप्पांना सांगितलं, ते पंख्याकडे बघत म्हणाले, "मोटीबेनला काय सांगशील?" ऑपरेशनला पैसे किती लागतील, जिवाला धोका किती, यातलं काही नाही, पहिला प्रश्न हाच. मी म्हटलं, खडे.

ऑपरेशनचं फारसं काही आठवत नाही. त्यांनी उलटे आकडे मोजायला लावले, मी सातपर्यंत आले, आणि मग एका पांढऱ्या, मऊ जागी तरंगत होते, रव्याच्या ढिगावर पडल्यासारखी. कुणीतरी नाव घेऊन हाका मारत होतं आणि मला उत्तर द्यायची अजिबात घाई नव्हती. संध्याकाळीच उठवून चालवलं. पोटापेक्षा खांदा दुखला, पोटात भरलेली हवा म्हणे तिथे जाते.

मग पाण्याचे दिवस. औषधाच्या बाटलीचं झाकण असतं ना, त्याने दोन झाकणं मुगाचं पाणी, पंधरा मिनिटांनी पुन्हा दोन. समोर घड्याळ. असे पंधरा दिवस. खरं सांगू, ते दिवस मला आवडले. भूक नव्हती. घरात फोडणीचा वास यायचा आणि तो दुसऱ्या कुणाच्या घरातून आल्यासारखा वाटायचा. मी झोपाळ्यावर पडून पडद्याची सावली भिंतीवर सरकताना बघायचे. हळूहळू आपल्यातली कुणीतरी उठून, न सांगता निघून चाललीय असं वाटायचं. मी तिला थांबवत नव्हते. तीही मागे वळत नव्हती.

सगळं असंच गोड नव्हतं. एकदा पनीरचा नखाएवढा तुकडा अडकला आणि अर्धा तास छाती धरून बसले. केस मुठीने गळतात. शेजारची विलास विचारते, "रसीलाबेन, कुणाची नजर लागली हो?" मागल्या आठवड्यात रिक्षावाल्याने माझ्या शेजारी अजून दोघींना बसवलं. मितालीचे पप्पा म्हणाले, "चला, आता तुझ्यामुळे रिक्षावाल्याची सोय झाली." त्यांचं कौतुक असंच असतं.

आता सातम. तेव्हा ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते. मला मऊ भात-वरण तेवढं चालत होतं, तेही चार चमचे. तू थेपले, सुखडीच्या वड्या, सगळं घेऊन आलीस. मी म्हटलं, नंतर खाते. तू म्हणालीस, "नंतर कशाला? अंगावर मांस उरलंय का तुझ्या? उघड तोंड, तुला माझी शपथ." आणि सुखडी तोंडात घातलीस. मी ती गिळली. पुढचं तू बघितलंस. मोरीत सगळं बाहेर आलं, मी बराच वेळ ओकत राहिले, आणि बाहेर आले तेव्हा तू पिशवी उचलून दारापाशी होतीस. डबाही परत घेतला नाहीस. सणाच्या दिवशी तुझ्या हातचं अन्न मी टाकलं म्हणून तू रागावून गेलीस, असं मी सगळ्यांना सांगितलं. पण तुझा चेहरा रागाचा नव्हता. तू घाबरली होतीस. तुला वाटलं, बाचं जे झालं तेच मला झालंय आणि सगळे तुझ्यापासून लपवतायत.

तुला आधी का सांगितलं नाही? कारण तू म्हणाली असतीस, "माझी शपथ, पोटाला हात लावू देऊ नकोस," आणि मी लावू दिला नसता. लहानपणी मी ताट सारलं की तू शपथ घालायचीस. ज्याची शपथ मोडली ते माणूस मरतं, हे मला बाहेर खेळताना कळलं होतं. तेव्हा मी खायचे. पोट दुखलं तरी खायचे, नाहीतर तूही मरशील. मोठी झाल्यावर हे खोटं हे डोक्याला कळलं, हाताला कळलं नाही. हात घास उचलायचा. मोटीबेन, अडतीस वर्षं मी तुला जिवंत ठेवायला जेवतेय. तू मला जिवंत ठेवायला वाढतेयस. दोघींनी एकमेकींना कधी सांगितलं नाही.

हा दोष देत नाही. तू वाढलं नसतंस तर त्या घरात मी जगले नसते.

आणखी एक लिहायचं टाळत होते. गेले चार महिने तू आली नाहीस, दिवाळीलाही नाही, तेव्हा मला बरं वाटत होतं. डबा नाही, शपथ नाही. मी शांतपणे चार चमचे खात होते आणि तू तिकडे एक वेळचं सोडत होतीस. हे कळल्यापासून चार चमचेही उतरत नाहीत.

म्हणून नवसाबद्दल बोलू. दक्षाला मी तीनदा विचारलं, बा नेमकं काय बोलल्या. ती म्हणते, तिच्यासमोरच बोललीस: "माझ्या रसीलाची तब्येत सुधारेपर्यंत." 'पूर्वीसारखी भरेपर्यंत' असं नाही. तुझ्या मनात तेच होतं हे मला माहीत आहे, आपल्याकडे जाड झालेल्यालाच म्हणतात तब्येत सुधारली. पण देवीने शब्द ऐकले. शनिवारी डॉक्टर हिरपरांनी रिपोर्ट बघितले. उपाशीपोटी साखर एकशे चार, तीही गोळीशिवाय. गोळी बंद होऊन दहा आठवडे झाले. श्वास थांबत नाही, ते मिताली सांगेल, दिवाळीपासून तिने मोजणं सोडलंय. वजन ब्याण्णव आहे, अजून उतरेल. मी पूर्वीसारखी भरणार नाही. त्याची वाट बघत बसलीस तर तूच जाशील, आणि मग मी कुणासाठी जेवू?

गुरुवारी सकाळच्या बसने येते, अकरापर्यंत पोचेन. रिपोर्ट आणते, तुझ्या डोळ्यांनी वाच. दुपारी तू जेवशीलच. मी शेजारी बसून माझ्या वाटीतलं खाईन, तीन घास, आणि तू ताटाकडे बघायचं, माझ्या वाटीकडे नाही. शुक्रवारी दोघी राजपऱ्याला खोडियारमाच्या देवळात जाऊ. देवीला सांगायचं, काम झालं. लापशीचा प्रसाद एक चमचा मी घेईन, दहा मिनिटं लावून. उतरला तर उतरला, नाही उतरला तर घाबरून पिशवी उचलायची नाही, पाठीवर हात ठेवायचा.

त्या संध्याकाळी घरी येऊन तू रात्रीचं जेवायला बसशील, तेव्हा मी वाढीन.

तुझी,
बरी झालेली,
रसीला