नऊ उंदीर आणि माझी डबी

३ फेब्रुवारी, सोमवार

बारापैकी नऊ! परत तेच. काय डोंबल शिकवलं मी या उंदरांना?

महिनाभर निकोटिनचं पाणी पाजून सवय लावली. आता मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीत असतं ते ऑक्सिटोसिन टोचतेय, त्या हार्मोनने ओढ कमी व्हायला हवी. रात्रभर होतेही — कॅमेऱ्यात दिसतं, साधंच पाणी पितात, गुणी बाळं. सकाळी नवाला मी आत गेले की नऊ जण निकोटिनच्या बाटलीला लोंबकळतात. चौदा तारखेला आमचे प्रयोगशाळाप्रमुख कुलदीप सर निकाल बघणार. प्रयोग फसला तर माझी नोकरी कायम होत नाही, एवढं साधं आहे.

सकाळी घरून निघताना दातांना मिश्री लावली. वर पेस्ट, वर बडीशेप. पीएच.डी. झालेली बाई मिश्री लावते हे आईशिवाय कुणाला ठाऊक नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

नऊ. डोस तपासला, बाटल्या बदलल्या. डोकं भणभणलं म्हणून बाथरूममध्ये जाऊन परत थोडी लावली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं! तंबाखूचा वास. महिनाभर बाटली लागायची तेव्हा खोलीत तो वास असणार. आता वास आला की बाटली आठवते, जनावराची आठवण अशीच जुळते.

वास कुणाचा? अंबुबाईंचा, दुसरं कोण. पिंजरे धुतात, इथल्या माण गावच्याच, मिश्रीने दात काळे कुळकुळीत. सरांना मेल टाकला. दुपारी त्यांची रवानगी गोदामात. जाताना माझ्या बोटाकडे बघत राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत.

१० फेब्रुवारी, सोमवार

अंबुबाई नाहीत. दहा!

११ फेब्रुवारी, मंगळवार

गोदामात गेले. अंबुबाई खाद्याची पोती रचत होत्या. म्हटलं, अजून एखादा डबा ठेवलाय का आत, तुमच्या मिश्रीचा?

"मी दसऱ्यालाच सोडली, म्याडम. तोंडात पांढरा चट्टा आला व्हता." मग हळूच, "मी येकटी आत असले की न्हाई पीत ती. तुमी आला की उठत्यात."

मग त्या दिवशी बोलला का नाहीत?

"तुमची नोकरी कच्ची हाय. आमची काय, हितं न्हाई तर तितं."

मेले मी. बाथरूममध्ये जाऊन बोटाचा वास घेतला. मास्क खाली ओढून आकडे मोठ्याने वाचायची सवयही माझीच. डबी कचऱ्यात टाकली. अर्ध्या तासाने परत काढली. मग मात्र नळाखाली ओतली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रजा. थेरगावला मावसबहिणीचा साखरपुडा. मिश्री नाही. डोकं ठणकतंय, नवरदेवाच्या आत्यावर उगाच खेकसले.

उंदरांकडे आज सर गेले होते. संध्याकाळी त्यांचा मेसेज — नऊ.

मी नव्हते तरी नऊ! म्हणजे माझा काही दोष नाही! दोन पेढे खाल्ले. आता कुणाला काही सांगायची गरज नाही. अंबुबाईंचं नंतर बघू.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बिनमिश्रीची, घासूनपुसून आत गेले. एक. फक्त एक, बाकी अकरा साध्या पाण्यावर.

म्हणजे मीच. बुधवारचं काय ते देव जाणे.

माझी नोकरी वाचावी म्हणून ती बाई गप्प बसली, आणि मी तिलाच हाकललं. अठ्ठावन्न वर्षांची आहे, पोती उचलते. स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. उद्या सरांना सांगणार. गेली नोकरी तर गेली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं. मिश्री, बाथरूम, मेल, सगळं. शेवटी म्हटलं, फक्त बुधवारचं कळत नाही सर, मी तर थेरगावला होते.

सरांनी उठून दार लावलं. खिशातून तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी काढली, माझ्या फाईलवर ठेवली. "बुधवार माझा," म्हणाले.

निकाल महिनाभर पुढे. सोमवारी अंबुबाईंना आणायला दोघं गोदामात जाणार आहोत. माफी आधी कुणी मागायची ते अजून ठरत नाहीये.