दुसऱ्या कंपनीचा टॅबलेट

९ फेब्रुवारी

चि. ठमे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं इथे ठीक आहोत, तुम्ही तिघंही बरी असाल. ही चिठ्ठी मेलने येतेय, पण वाच मात्र चिठ्ठीसारखी, चहा बाजूला ठेवून, एका जागी बसून.

आईचा गुडघा कुरकुरतो, तरी तिचं जिने चढणं-उतरणं चालूच आहे. बाल्कनीच्या दाराची कडी अखेर बदलली. सुतार आज येतो, उद्या येतो म्हणत फिरकलाच नाही, तेव्हा मीच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो. शेवटचे दोन स्क्रू आईने पिळले. दार आता लागतं.

तू पाठवलेला टॅबलेट पोचला. खोका सुंदर आहे, आतली वस्तू त्याहून सुंदर. आईने तो उघडून बघितला, पुसला आणि परत खोक्यात ठेवला. आता मुद्द्याचं विचारतो. हा बदलून दुसऱ्या कंपनीचा मिळेल का?

आई म्हणते, असं लिहू नका, पोरीने हौसेने पाठवलाय. मला ते कळतं. तुमच्या घरात फोनपासून घड्याळापर्यंत सगळं याच कंपनीचं आहे. फोटो आपोआप इकडून तिकडे जातात, एक बटण दाबलं की नातीचा चेहरा समोर येतो. मागच्या सुट्टीत जावईबापूंनी हे सगळं मला दोनदा समजावून सांगितलं आणि दोन्ही वेळा पटलं. वस्तूत खोट काढायला जागा नाही.

माझी अडचण वेगळी आहे. टॅबलेटवर कळा नसतात. काचेवर कळांचं चित्र असतं. माझी बोटं आयुष्यभर कळा चाचपत आली. कागदावर नजर, बोटं खाली आपापल्या घरी, आणि समोर वकीलसाहेब येरझाऱ्या घालत मजकूर सांगतायत. काचेवर बोटांना घर सापडत नाही. एकेक अक्षर शोधून टोचावं लागतं. त्यापेक्षा खिडकीपाशी आपला जुना कॉम्प्युटर आहे. सुरू व्हायला वेळ लावतो, पंखा घरघरतो, तुझा नवरा त्याला आजोबा म्हणतो, पण त्याच्या कळफलकावर मी डोळे मिटून लिहितो. रोजच्या कामाला मला तो पुरतो.

इथवर लिहिलेलं परत वाचलं. ही तक्रार तर कुठल्याही टॅबलेटला लागू आहे. मग दुसऱ्या कंपनीचा तरी कशाला हवा, असं तू विचारणारच. वकिलांच्या ऑफिसात वर्षं मी काढली, उलटतपासणी मात्र तुझ्या अंगात उतरली. तेव्हा सरळ सांगतो. आईला मी म्हटलं होतं की तुला प्रत्यक्ष भेटल्यावर सांगू. भेट लांबत गेली. शिवाय भेटल्यावर मी सांगणार कसा, याचा विचार तेव्हा आम्ही दोघांनीही केला नव्हता.

गेल्या वर्षी परीक्षांच्या दिवसांत, माझ्याकडे मुलांचे प्रबंध टायपिंगला येत होते त्या सुमारास, जीभ जड व्हायला लागली. 'र' नीट येईना. वाटलं, दातांचं काही असेल. मग बँकेत एकदा खिडकीवरच्या बाईंना माझं म्हणणं तीनदा सांगूनही समजलं नाही. मागे रांगेतला एकजण हळूच म्हणाला, "सकाळी सकाळीच टाकून आलेत आजोबा." मी वळून बघितलं नाही. पैसे न काढताच घरी आलो आणि आईला म्हटलं, बँक बंद होती.

दातांच्या डॉक्टरांनी घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी नसांच्या डॉक्टरांकडे. मेंदूकडून स्नायूंना जाणारा निरोप पोचेनासा होतो, असा हा आजार. कुणाला पायापासून सुरू होतो, कुणाला हातापासून. मला जिभेपासून झाला. नाव लांबलचक आहे. रिपोर्टची एक प्रत मीच टाइप करून ठेवली, एकही चूक न करता. इथे मात्र ते नाव लिहीत नाही. तू लगेच शोधायला बसशील, आणि आधी ही चिठ्ठी पुरी वाचावीस अशी माझी इच्छा आहे.

ठमे, मला आता बोलता येत नाही.

तुझे फोन यायचे तेव्हा बाबा अंघोळीला गेलेत, बाबा फिरायला गेलेत, बाबांचा डोळा लागलाय, असं आई सांगायची. मी समोरच्या खुर्चीत बसलेला असायचो. तुझा आवाज फोनमधून ऐकू यायचा. परवा तू म्हणालीस, "बाबांना माझ्याशी बोलायचंच नसेल तर तसं सांग." त्यानंतर आई बराच वेळ भांडी घासत राहिली. ती आधीच घासलेली होती. तू टॅबलेट पाठवलास तो मी निदान दिसेन तरी म्हणून, हे आम्हाला समजलं. दिसायला माझी हरकत नव्हती गं. पण दिसलो की तू "बोला ना" म्हणणार.

डॉक्टरांनी एक बाई जोडून दिल्यात. बोलण्याचे आणि गिळण्याचे व्यायाम घेतात, घरीच येतात. मी त्यांना मनातल्या मनात वाचाबाई म्हणतो. मध्यंतरी त्या दोन टॅबलेट घेऊन आल्या आणि जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले. एक तुझ्या कंपनीचा, एक दुसऱ्या. दोन्हीकडून त्यांनी "मला पाणी हवंय" असं बोलून घेतलं. तुझ्या कंपनीचा आवाज गोड आहे, बातम्या देणाऱ्या माणसासारखा. दुसरा जरा घोगरा आहे आणि प्रत्येक शब्दानंतर थबकतो. मी गोड आवाजाकडे बोट दाखवलं. एवीतेवी उसना आवाज घ्यायचा, तर चांगला का घेऊ नये?

बाई म्हणाल्या, "काका, नुसतं आजचं बघायचं तर हाच घ्या. पण दुसऱ्याला खालून एक पट्टी जोडता येते. ती तुमची नजर वाचते. अक्षराकडे बघत राहिलं की अक्षर उमटतं. नजरेने लिहायची मराठी अक्षरं त्या दुसऱ्यावरच आहेत, या पहिल्यावर अजून नाहीत."

मी उठून कॉम्प्युटरपाशी गेलो आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, "नजरेची गरज नाही. माझी बोटं ठणठणीत आहेत."

त्यांनी वाचलं. म्हणाल्या, "आहेत. म्हणूनच आत्ता शिकायचं. बोटं साथ सोडायला लागली की नवीन काही शिकायला माणसाला धीर राहत नाही. डोळे बहुतेकांचे शेवटपर्यंत चालतात."

शेवटपर्यंत हा शब्द त्यांना परत गिळायचा होता, असं वाटलं. आई उठून खिडकी बंद करायला गेली. खिडकी बंदच होती.

मी त्यांना नको म्हटलं. दोन्ही टॅबलेट परत पाठवले. पुढे बरेच दिवस मी कॉम्प्युटरवरच बोलत होतो. काही सांगायचं झालं की खुर्चीत बसायचं, टाइप करायचं, टेबलावर टिचकी मारायची. आई हातातलं काम टाकून यायची, माझ्या खांद्यावरून वाकून वाचायची, उत्तर द्यायची आणि परत जायची. मला वाटायचं, उत्तम चाललंय. मी पूर्वी बोलायचो त्यापेक्षा जास्त लिहीत होतो. शेजारच्यांच्या नळाबद्दल तर मी एक विनोदसुद्धा लिहिला.

मग गेल्या आठवड्यात आई भाजी निवडत बसली होती. मी टिचकी मारली. ती उठली नाही. परत मारली.

"अहो, काय असेल ते तिथेच राहू द्या," ती म्हणाली. "गुडघा दुखतोय."

मी वळून हातानेच विचारलं, काय झालं?

"काही झालं नाही. दिवसभर मला तुमची पाठ दिसते, एवढंच. ऑफिसात होतात तेव्हा बरं होतं. संध्याकाळी आलात की समोर बसायचात. आता घरात असून पाठच. मी वाचते, तुम्ही पुढचं लिहायला लागता. मी हसले का रडले, तुम्हाला कळतं तरी का?"

मी परत स्क्रीनकडे वळून उत्तर टाइप करायला लागलो. तीन शब्द झाले आणि हात थांबले. मी तेच करत होतो गं, जे ती सांगत होती. खुर्ची सरकवली आणि तिच्यासमोर जाऊन बसलो. लिहायला काहीच जवळ नव्हतं. तिने थोडी भाजी माझ्याकडे सरकवली. निवडताना दिसलं की उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट देठ धरू शकत नाहीत. तिनेही पाहिलं. आम्ही दोघांनी उरलेली भाजी निवडली.

म्हणून हवाय दुसऱ्या कंपनीचा. मांडीवर ठेवता येतो, समोर बसता येतं, आणि बोटं थकली तर नजर आहे. पण तुझा बदलून मिळावाच असा हट्ट धरू नकोस. बदलून मिळत नसेल तर राहू दे, नातीचे फोटो त्यावर बघू. तुमच्यासारखं आमच्या घरात सगळं एकाच कंपनीचं नसलं तरी चालेल.

फोनवर रडू नकोस. आईला रडणं झेपत नाही, आणि मला तुला गप्प हो म्हणता येत नाही. जावईबापूंना नीट समजावून सांग. नातीला एवढंच सांग की आजोबा आता लिहून बोलतात.

चिठ्ठीच्या शेवटी 'कळावे' लिहायची पद्धत आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्रांखाली मी ते सवयीने टाइप केलं. आज विचार करून लिहितो. हे तुला कळावे.

तुझे
बाबा


२१ एप्रिल

ठमे,

ही चिठ्ठी टॅबलेटवर लिहितोय. एका बोटाने. म्हणून वाक्यं छोटी. चार दिवस पुरवून लिहिली आहे.

तू आलीस, राहिलीस, बरं वाटलं. टॅबलेट स्वतः घेऊन आलीस, पट्टी बसवून दिलीस. तुझ्या नोकरीच्या घाईत एवढी रजा मिळाली. आई तू गेल्यापासून जरा जास्त बोलते. मीही बोलतो. समोर बसून. घोगऱ्या आवाजाची सवय झाली. आई म्हणते, हा तुमच्यापेक्षा सभ्य आहे, मध्येच बोलत नाही.

नजरेने लिहायचा सराव रोज करतो. डोळ्यांना पाणी येतं. काल 'भात मऊ झालाय' एवढं लिहिलं. लिहून होईतो आम्ही जेवून उठलो होतो. तरी आईने ऐकून घेतलं आणि उद्या कमी पाणी घालते म्हणाली.

एक गोष्ट तू इथे असताना सांगायची राहिली. लिहायला घेतली की तू काहीतरी विचारायचीस, मग ते आधी. समोरासमोर माझं मागेच पडतं. म्हणून इथून लिहितो. रागावून लिहीत नाही.

नसांच्या डॉक्टरांकडे आपण तिघं गेलो होतो. त्यांनी मला विचारलं. गिळणं अवघड होत चाललंय, पुढे पोटात नळी बसवून त्यातून अन्न द्यावं लागेल, अजून ताकद आहे तोवर बसवलेली बरी, तुमचा काय विचार. ते माझ्याकडे बघून विचारत होते. चांगले डॉक्टर आहेत. मी टॅबलेट मांडीवर घेतला.

तू म्हणालीस, "हो डॉक्टर, अर्थात. बसवायचीच. बाबा तयार आहेत."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग तारीख, मग तपासण्या. मी लिहीत राहिलो. तू माझ्या हातावर हात ठेवलास. प्रेमानेच ठेवलास, मला माहीत आहे. पण त्याच हाताने मी लिहीत होतो.

गाडीत तू विचारलंस, "बाबा, गप्प का?" मग तूच हसलीस, मग तुला रडू आलं. मी टॅबलेटचा पडदा तुझ्याकडे वळवला नाही. तुझी अवस्था बघून वळवावासा वाटला नाही.

वकिलांकडे माणसं यायची. घाबरलेली. त्यांना दोन वाक्यं धड बोलता यायची नाहीत. साहेब घाईत असायचे. "म्हणजे तुमचं म्हणणं असं की," म्हणून स्वतःच सांगायला लागायचे आणि मी टाइप करायचो. माणूस खाली सही करायचा. बहुतेकदा साहेबांचं बरोबरच असायचं. तरी काहीजण सही करून झाल्यावर कागदाकडे बघत बसायचे. ते काय बघतात, हे मला तेव्हा समजत नसे.

नळी कधी बसवायची ते ठरलंय. मी जाणार आहे. आईला सांगितलंय, वाचाबाईंनाही. पुढे श्वासाच्या यंत्राचा प्रश्न येईल, डॉक्टर तेही विचारतील. त्याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. ते हो असेल की नाही, मला माहीत नाही. माझं उत्तर लिहून व्हायला वेळ लागेल. डॉक्टर घड्याळ बघतील. आई पदर चाळवेल. तुला वाटेल, बाबांना त्रास होतोय, आपण सोपं करून द्यावं. करू नकोस. माझ्या बाजूला बस आणि थांब.

त्या दिवशी पडद्यावर काय होतं, ते सांगून टाकतो. नाहीतर तू वाईट काहीतरी मनात धरशील.

मीही 'हो'च लिहीत होतो, ठमे. पण पुढे आणखी लिहायचं होतं. हो, बसवू, अजून थोडे दिवस हिच्यासमोर बसायचंय.

तेवढं मला सांगायचं होतं.

तुझे
बाबा