४१२ नंबरच्या बिल्ल्यावरचा पोचा

२ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
पांढुर्ण्याच्या वाचनालयात सोळा आणि सतरा तारखेला जुन्या वस्तूंचे प्रदर्शन. आबांच्या वस्तूंना एक पूर्ण टेबल मिळाले. नोंदीसाठी: आबा म्हणजे माझे आजोबा, भाऊराव गजभिये, निवृत्त हवालदार, पोलिसात चौतीस वर्षे. टेबलाची जबाबदारी मी घेतली. बोरगावच्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. ०.०२ मिलिमीटर चुकलेला माल परत पाठवते. पेटीभर बिल्ले म्हणजे दोन संध्याकाळींचे काम.
निश्चय: भावनिक व्हायचे नाही. यादी, माप, फोटो, संपले.

त्याच दिवशी, संध्याकाळ
टोपीचे बिल्ले तीन. शिट्टी एक, दोरीसह. पट्ट्याचे पितळी बिल्ले दोन, पैकी नंबर ४१२ खराब. बारा बोरची एकनळी बंदूक एक. लायसन्स आबांच्या नावावर, म्हणून उचलणार आबा, मोजणार मी. नळी हलत होती. तीन रीडिंग घेऊन सरासरी काढली. प्रदर्शनात बंदूक जाणार नाही, तिचा फोटो जाईल. आबा म्हणाले, "फोटोच बरा. तिनं जिंदगीत एक रानडुक्कर भेवाडलं, तेही दुसऱ्या दिवशी वापस आलं."
मग म्हणाले, "बाई, फक्त धूळ पूस. बाकी कायले हात नको लावू."
धूळ म्हणजे नेमके काय, हे सांगितले नाही.

४ नोव्हेंबर
४१२ च्या मधोमध पोचा. खोली २.४ मिमी, एक कड वाकडी. असा माल माझ्या टेबलावर ठेवणे शक्य नाही. डब्यासोबत कारखान्यात नेला. टूलरूममधल्या मयूरने विचारले, "मॅडम, घरी विचारलं का?" मी म्हटले, दोष हा दोष असतो, त्यात विचारायचे काय. गॅसवर तापवला, मागून नायलॉनच्या हातोडीने ठोकला, बफिंग केले. सपाटपणा ०.१ मिमीच्या आत. अंक पुसट झाले, पण तिन्ही सारखेच पुसट.
समाधानकारक दिवस.

५ नोव्हेंबर, सायंकाळी ६.४०
आबांच्या हातात दिला. त्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. चष्मा लावला, काढला. बिल्ला पेटीत ठेवून फिरायला गेले. 'भारावले' अशी नोंद करत आहे.

सायंकाळी ७.१५
आईने पेटी उघडली आणि जागेवरच बसली. "वैशाली, गोटमारचा पोचा कुठी गेला वो?"
वस्तुस्थिती अशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात. १९८७ साली आबा तिथे बंदोबस्ताला होते. सावरगावच्या भिवाजींचा गोटा थेट पट्ट्याच्या बिल्ल्यावर बसला. बिल्ला नसता तर पोटात बसला असता. संध्याकाळी भिवाजी स्वतःच ठाण्यात हजर झाले. तेव्हापासून दर पोळ्यानंतर ते आमच्याकडे येतात, बिल्ल्याला हात लावतात, जेवतात.
गोष्ट मला माहीत होती. पूर्ण नव्हती. आबा "सत्त्याऐंशी साली" म्हणाले की मी पाणी प्यायला उठते. दर वेळी.

६ नोव्हेंबर
आबांना कळलेले नसणार. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. अंगठ्याला मोतीबिंदू होत नाही, हे मान्य. पण वयाच्या ऐंशीनंतर बोटांची संवेदना कमी होते.
उद्या सांगेन.

७ नोव्हेंबर
आबांनी स्वतः चहा केला. माझ्यासमोर बसले. काही विचारले नाही. दोन कप झाले. मी हवामानावर बोलले.
नंतर आई म्हणाली, "ठाण्यात चोरायले असाच चहा पाजत होते. मारत नोहते. दुसऱ्या कपाले माणूस बोलून टाके." मी म्हटले, त्याचा इथे संबंध नाही.

८ नोव्हेंबर
सांगण्यासाठी रविवार योग्य. रविवार उद्याच आहे, म्हणजे फार घाईचे होईल. पुढचा रविवार प्रदर्शनाचा.
आबांनी भिवाजींना फोन केला. "तुह्या हातचं काम मांडून राहिलो वाचनालयात. पाह्यले ये गा."
आता मार्ग एकच. सांगण्यापेक्षा दुरुस्त केलेले बरे.

१० नोव्हेंबर
भंगारातल्या पितळी पट्टीवर तीन चाचण्या घेतल्या. २५ मिमीची पोलादी गोळी, हँडप्रेस. चौथ्या वेळी ४१२. खोली २.४०. मूळ नोंद २.४. म्हणजे मूळपेक्षा अचूक. मयूर म्हणाला, "मॅडम, पयले पोचा काढला, आता पोचा टाकून राहिल्या. रजिस्टरात काय लिहू?" मी म्हटले, रीवर्क.
माझ्या मते विषय संपला.

१३ नोव्हेंबर
आबांचा चहा. तीन कप. सांगण्यासारखे आता काही उरलेलेच नाही, त्यामुळे गप्प बसणे हे लपवणे होत नाही. त्यांच्याकडे न बघता प्यायले. जीभ भाजली.

१६ नोव्हेंबर, दुपारी १
भिवाजी साडेदहाला आले. पांढरी टोपी, धुतलेले धोतर. बिल्ल्याला हात लावला आणि लगेच काढला.
"हवालदार, हा माह्या हातचा नाय."
मी म्हटले, काळानुसार धातू बदलतो.
"बाई, माहा गोटा जाम नदीतला होता. त्याले टोक होतं. हे तं कोनं पितळात बोर दाबलं. असा गोल गोल मार मारला असता तं सावरगावात मले कोनं उभं केलं नसतं."
दोन-तीन माणसे हसली. आबा हसले नाहीत. म्हणाले, "मले मालूम हाये. अकरा दिवस झाले." मग माझ्याकडे वळून, "बोल बाई."
बोलले. गॅस, हातोडी, गोळी, सगळे क्रमाने. भिवाजी ऐकत होते. शेवटी एवढेच म्हणाले, "पोया झाला का येतो, बिल्ल्याले हात लावतो, मंग जेवतो. आता कोन्या तोंडानं येऊ?"
"जेवाले ये," आबा म्हणाले.
भिवाजींनी हो म्हटले नाही.
मग आबांनी कोरा कागद मागवला. पंचनामा होणार. मी लिहायचे, पंच भिवाजी आणि वाचनालयाचे सर. मी लिहिले: 'सदर बिल्ल्यावरील पोचा, खोली २.४ मिमी, व्यास १९ मिमी, दिनांक ४ रोजी उष्णता देऊन काढण्यात आला, दिनांक १० रोजी गोळीने नवा पाडण्यात आला. कारण: न विचारता दोष समजला.' आबांनी कागद डाव्या डोळ्याजवळ नेला. "कोनं काढला?" मी तापमान जोडू का म्हणून विचारले.
"मापं राहू दे बाई. नाव लिही."
लिहिले. वडिलांच्या नावासह पूर्ण. दोन्ही पंचांनी सह्या केल्या. कागद बिल्ल्याशेजारी ठेवला आहे. निश्चय: यापुढे जे केले ते पहिल्या दिवशी, स्वतःहून, स्पष्ट सांगायचे.

१७ नोव्हेंबर
लोक बिल्ल्यांपुढून निघून जातात आणि कागदापुढे थांबतात. सकाळी लोधीखेड्याच्या एका बाईंनी तो मोठ्याने वाचला, सहीपर्यंत. मग मला विचारले, "कोन हाये वो ही वैशाली?"
मी म्हटले, माहीत नाही.
आबा शेजारच्याच खुर्चीवर होते.