कापसाने भरलेलं चर्च

केळापूर, १४ जानेवारी २००६

प्रिय पप्पा,

सलाम. मी बरी आहे, जेवणाचे हाल नाहीत. आईचा गुडघा कसा आहे?

तुम्ही लिहीत असलेल्या मंडळीच्या इतिहासासाठी पाच गावांतल्या चर्चची मापं घेतली. सहावं तुम्ही मंडळीसोबत विटा वाहून बांधलेलं. तिथे मात्र आत जाता आलं नाही. यंदा कापसाला भाव नाही, म्हणून लोकांनी तो वेदीपासून दारापर्यंत भरून ठेवलाय. उपासना बाहेर कडुलिंबाखाली होते.

कापसाच्या रेट्याने पूर्वेची भिंत झुकली आहे. फटीत माझा हात गेला. तिथली मंडळी सांभाळणाऱ्या शांतवनकाकांना मी म्हटलं, "आजच रिकामं करा, भिंत पडेल."

"समजते पोरी. पण न्यावा कुठी? घरी लेकरायले झोपाले जागा नाही."

 मग आम्ही भिंतीला बाहेरून चार जाड लाकडी बल्ल्या टेकवल्या. निघताना काका म्हणाले, "पास्टरसायबाले इचार. त्यायनं बांधलं, त्यायले उपाय माहीत असन."

मी हो म्हणून आले. पप्पा, उपाय सुचला नाही तरी काकांना पत्र टाका. ते वाट पाहतील.

तुमची,
कृपा