उसन्या कॉर्ड्सवरची धून

प्रिय पूर्वी,

शनिवारी कार्यक्रम संपल्यावर तू मला आत भेटायला बोलावलं होतंस आणि मी आले नाही. ट्रॅफिकचं कारण कळवलं, ते खोटं होतं. मला तुला भेटायचंच नव्हतं. अजूनही तुझं ते बोलणं आठवलं की तोंड कडू होतं, म्हणून फोन न करता लिहिते आहे.

आधी चांगलं ते सांगते. बँड तुझा जबरदस्त आहे. तो दाढीवाला मुलगा ट्रम्पेट माझ्यापेक्षा सरस वाजवतो. आपली धून सुरू झाली तशी माझी बोटं मांडीवर आपोआप हलायला लागली. मी ‘आपली’ म्हणते आहे, तू ‘माझी रचना’ म्हणालीस. एका जुन्या अमेरिकन गाण्याच्या कॉर्ड्स, खालची सगळी स्वरसंगत, आपण जशाच्या तशा उचलल्या होत्या आणि त्यांच्यावर नवी धून बसवली होती. मला ती चोरी वाटायची. तूच समजावलंस, की जाझमधले हार्ड बॉपवाले सर्रास असं करायचे, कॉर्ड्स कुणाच्या बापाच्या नसतात, वरची धून तेवढी स्वतःची हवी. तर वरची धून माझी होती आणि मधला तुकडा तुझा. तेही मी सोडून दिलं असतं. घे बाई, वाजव.

पण त्याआधी तू माइक हातात घेऊन काय बोललीस? की ही धून भिवंडीतल्या नारपोलीत, पॉवरलूमच्या खटखटीतून जन्मली. अगं पूर्वी, लूम शुक्रवारी बंद असायचे म्हणून तर आपण अब्बांच्या कारखान्यात वाजवू शकायचो! चालू लूमपाशी स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे तुझा कीबोर्ड कुणी ऐकला असता? आणि मग आवाज बारीक करून म्हणालीस, की तिथे माझी एक मैत्रीण होती, फार गुणी, पण तिच्या घरच्यांनी तिला वाजवू दिलं नाही, ही धून तिच्यासाठी. सभागृहात सगळे हळहळले. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी तर डोळे पुसले. किळस आली मला. तुझी, त्या बाईंची आणि गप्प बसून राहिलेल्या माझीही.

मला वाजवायला कुणी आणि कधी बंदी केली? शेलार गावच्या काळूरामकाकांच्या लग्नाच्या बँडमधला जुना ट्रम्पेट मला कुणी आणून दिला? नातेवाईक नावं ठेवायला लागले तेव्हा, पोरगी वाजवतेय, चोरी तर करत नाय ना, असं म्हणून त्यांना कुणी गप्प केलं? अब्बांनीच ना? बंदी झाली होती, पण ती तुला. तुझे बाबा, दत्तोपंतकाका, कारखान्याच्या दारात येऊन उभे राहिले होते. अब्बांनी खुर्ची दिली, तर बसले नाहीत. आत पाऊलही टाकलं नाही. पूर्वी, उद्यापासून असल्या वस्तीत यायचं नाही, एवढंच म्हणाले आणि तुला घेऊन गेले. तू जाताना खाली बघत होतीस. त्या संध्याकाळी मी खूप चिडले होते, तेव्हा अब्बाच म्हणाले की बापाला काळजी वाटते, तू मनात ठेवू नको. मी ठेवलं नाही. वडपे गावातल्या गोदामातली ड्युटी सांभाळून आजही दर शुक्रवारी कारखान्यातच वाजवते. तुला हे माहीत आहे. मागच्या ईदला तुला व्हिडिओ पाठवला होता, त्यावर तू हार्टही टाकलं होतंस.

स्वतःच्या वडिलांचं नाव घ्यायला लाज वाटली असेल, समजू शकते. मग गप्प राहायचं होतंस. पण लोकांना एक गोष्ट हवी होती, कुणी तरी दुष्ट बाप हवा होता, आणि माझ्या बापाची दाढी त्या गोष्टीत झकास बसली.

तुला एक माहीत नाही. शनिवारी अब्बा माझ्या शेजारी बसले होते. तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून मी कळवलं नव्हतं. त्यांनी पांढरा सदरा घातला होता, तुझ्यासाठी मिठाई घेतली होती. तुझं ते बोलणं संपल्यावर त्यांनी टाळ्याही वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते. येताना गाडीत मिठाईचा पुडा त्यांच्या मांडीवरच होता. मग म्हणाले, “नूरैन, मी तुला कधी नाय म्हटलं होतं का गं? असेल तर सांग. मला आठवत नाय.” तीन-चारदा विचारलं. मी नाही म्हटलं, तरी त्यांचा विश्वास बसेना. आता ते रोज काहीतरी जुनं आठवून बघतात, त्या दिवशी मी ओरडलो होतो का, म्हणून विचारतात.

आणि काल तुझा त्यांनाच फोन आला. पुढच्या शुक्रवारी कॅमेरा घेऊन येतेस, त्या धुनेचं शूटिंग कारखान्यात करायचं आहे, लूम चालू ठेवाल का काका, असं विचारलंस. ते हो म्हणाले. सकाळपासून माणसं लावून भिंतींना चुना मारून घेताहेत. त्यांनी तुला नाही म्हटलं नाही, कारण त्यांना ते जमत नाही. म्हणून हे पत्र. ते ‘नाही’ मी म्हणते आहे. कॅमेरा आणू नकोस. यायचंच असेल तर एकटी ये, त्यांच्यासमोर बस आणि सांग, की काका, तुम्ही कुणाला अडवलं नाहीत, मी खोटं बोलले. तेवढं जमत नसेल तर भिवंडीत पाऊल टाकू नकोस. मी दारातच उभी असेन.

एके काळी तुझीच असलेली,
नूरैन